ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची उतरण आणि बसवण

अमेरिकेत पिकअप ट्रक हे शेतकऱ्यापासून सुतारापर्यंत आणि ठेकेदारापासून सामान्य कुटुंबापर्यंत सर्वांचे रोजचे वाहन असून, पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा अशी त्याची रचना असते. या वाहनांपैकी बहुसंख्य वाहनांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, म्हणजे चालकाने क्लच न दाबता आपोआप गिअर बदलणारी पेटी, बसवलेली असते. वाहन जुने झाले की या पेटीच्या दुरुस्तीचा खर्च कित्येकदा वाहनाच्या बाजारभावाच्या जवळ जातो आणि त्या खर्चातला मोठा वाटा पेटी उतरवण्या-बसवण्याच्या मजुरीचा असतो. त्यामुळे पेटीच्या आतले काम कारागिराकडे सोपवून किंवा तयार, पुनर्बांधणी केलेली पेटी विकत आणून, उतरवणे आणि बसवणे तेवढे घरच्या गॅरेजमध्ये करण्याची पद्धत तिथे चांगलीच रुजली आहे. हे काम बाहेरून पाहताना ताकदीचे वाटते, परंतु प्रत्यक्षात ते क्रमाचे आणि मापाचे आहे. या कामातले सर्वांत महाग नुकसान जड पेटी खाली घेताना क्वचितच होते; ते बहुधा पेटी परत इंजिनाला जोडताना, काही मिलीमीटरच्या एका अंतराकडे दुर्लक्ष झाल्याने होते. ते अंतर कोणते आणि ते एवढे निर्णायक का, हे समजण्यासाठी आधी यंत्राची रचना पाहावी लागते.

यंत्राची रचना

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पाया द्रवाच्या साहाय्याने शक्ती वाहून नेण्याच्या कल्पनेवर उभा आहे. हर्मान फॉटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले, तेव्हा त्याच्यासमोर जहाजाच्या वेगवान टर्बाइनची शक्ती संथ फिरणाऱ्या पंख्याला पोचवण्याचा प्रश्न होता. मोटारीत ही कल्पना मोठ्या प्रमाणावर आणली ती जनरल मोटर्सने. १९३९ मध्ये सादर झालेली आणि १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत बसवलेली हायड्रा-मॅटिक ही मोठ्या प्रमाणावर बनलेली पहिली पूर्ण ऑटोमॅटिक पेटी मानली जाते, आणि १९५४ पासून ती शेव्हर्ले पिकअपवरही मिळू लागली. पुढे १९८२ मध्ये याच कंपनीने ७००आर४ ही चार वेगांची पेटी आणली, १९९० मध्ये तिचे नाव ४एल६० असे झाले आणि १९९३ पासून तिची इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेली आवृत्ती ४एल६०-ई या नावाने पिकअपमध्ये येऊ लागली. या नावातील ४ हा आकडा पुढच्या गिअरांची संख्या सांगतो, एल हे अक्षर पेटी वाहनाच्या लांबीच्या दिशेने बसवली जाते हे दाखवते, ६० हा आकडा पेटीच्या ताकदीची श्रेणी दाखवतो आणि ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण. शेव्हर्ले सिल्व्हराडो, टाहो, एस-१० अशा अनेक वाहनांत ही पेटी बसवली गेल्याने घरगुती दुरुस्तीचे उदाहरण म्हणून तिचा विचार करणे सोयीचे ठरते. इतर कंपन्यांच्या पेट्यांत तपशील वेगळे असले, तरी कामाचा क्रम बहुतांशी हाच राहतो.

इंजिनाच्या मागच्या तोंडाला, क्रँक शाफ्टवर, दातेरी कडा असलेली एक पातळ पोलादी तबकडी बोल्टने आवळलेली असते, तिला फ्लेक्सप्लेट म्हणतात. हाताने गिअर टाकण्याच्या गाडीत याच जागी जड फ्लायव्हील असते. फ्लेक्सप्लेटला मागून टॉर्क कन्व्हर्टर जोडलेला असतो. हा चारी बाजूंनी बंद, आतून तेलाने भरलेला गोल धातूचा डबा असून त्याच्या आत तीन पाती-चाके असतात. डब्याच्या कवचाशी एकजीव असलेले चाक, म्हणजे इंपेलर, इंजिनाबरोबर फिरते आणि तेल बाहेरच्या कडेकडे फेकते. ते तेल समोरच्या टर्बाइन या चाकावर आदळून त्याला फिरवते. आणि दोहोंच्या मध्ये बसलेले स्टेटर हे छोटे चाक परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून ते पुन्हा इंपेलरला मदत होईल अशा कोनात सोडते. या वळवण्यामुळेच वाहन थांबलेल्या अवस्थेतून निघताना इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, सुमारे दुप्पट होऊन पुढे जातो. वाहनाने वेग घेतल्यावर कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच लागतो आणि तेलाच्या घसरणीत वाया जाणारी शक्ती वाचते.

कन्व्हर्टरच्या मागे प्रत्यक्ष पेटी असते. तिच्यात मध्यभागी सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि या सर्वांना वेढणारे आतल्या दात्यांचे कडे अशा रचनेचे ग्रहमालिका गिअर असतात. यांपैकी कोणते चक्र धरून ठेवायचे आणि कोणते फिरू द्यायचे यावर वेगाचे प्रमाण ठरते. ४एल६०-ई मध्ये पहिल्या गिअरचे प्रमाण ३.०६, दुसऱ्याचे १.६३, तिसऱ्याचे १.०० आणि चौथ्याचे ०.७० असते. चक्रे धरण्याचे काम क्लचच्या चकत्यांचे संच आणि ड्रमभोवती आवळला जाणारा पट्टा करतात, आणि त्यांना दाब पुरवतो तो पेटीच्या अगदी पुढच्या भागातला तेलाचा पंप. हा पंप थेट टॉर्क कन्व्हर्टरच्या मागच्या नळीसारख्या भागाने, म्हणजे हबने, फिरवला जातो. म्हणजेच कन्व्हर्टर हा इंजिन आणि पेटी यांना जोडणारा नुसता दुवा नव्हे. पेटीचे रक्ताभिसरण त्याच्या हबवर अवलंबून असते, आणि पुढच्या सगळ्या सावधगिरीचे मूळ इथे आहे.

उतरवण्याआधीचे निदान

पेटी गाडीखालून काढण्यापूर्वी ती खरोखर काढणे आवश्यक आहे का, हे ठरवणे हा कामाचा पहिला आणि सर्वांत स्वस्त टप्पा आहे. तेलपट्टी बाहेर काढून पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकला, तरी बरेच काही कळते. नवे तेल स्वच्छ लाल असते. तपकिरी पडलेले आणि जळका वास येणारे तेल क्लचच्या चकत्या भाजल्याचे सांगते. आणि गुलाबी दुधाळ तेल दिसले तर रेडिएटरमधल्या शीतनळीतून इंजिनाचे शीतक पेटीत शिरले आहे असे समजावे, कारण अशा मिश्रणाने चकत्यांवरचे घर्षण-आवरण सुटू लागते. त्यानंतर पेटीखालचे पसरट चेंबर उतरवून त्यातील चुंबक पाहावा. त्यावर करड्या रंगाचा मऊ लगदा असणे ही नेहमीची झीज आहे, पण बोटाला टोचणारे धातूचे तुकडे सापडले तर आतला एखादा भाग तुटला आहे हे नक्की.

लक्षणांवरूनही दोष ओळखता येतो. ४एल६०-ई मध्ये पहिला आणि तिसरा गिअर मिळतो, पण दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकाच वेळी नाहीसे होतात, तेव्हा बहुधा सूर्यचक्राला जोडलेले घंटेच्या आकाराचे पोलादी कवच तुटलेले असते. आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना इंजिनाचे फेरे नुसतेच वाढून गाडी ओढत नसेल, तर तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच-संच जळालेला असण्याची शक्यता मोठी असते. या दोन्ही दोषांसाठी पेटी उतरवावीच लागते. पुढचे ऑइल सील, पंप, टॉर्क कन्व्हर्टर किंवा तडा गेलेली फ्लेक्सप्लेट यांच्यासाठीही तोच मार्ग आहे. याउलट तेल सोडणारे-अडवणारे विजेचे झडप-खटके, म्हणजे सोलेनॉइड, तसेच फिल्टर आणि तेलाच्या वाटा नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह बॉडी हा ठोकळा चेंबर उतरवल्यावर खालूनच हाताशी येतात. गाडीच्या संगणकात पी १८७० हा दोषांक नोंदला असेल, तर या पेटीत त्याचे नेहमीचे कारण व्हॉल्व्ह बॉडीतील लॉक-अप क्लचच्या झडपेचे भोक झिजणे हे असते, आणि त्या एका कारणासाठी संपूर्ण पेटी खाली आणण्याची गरज नसते. निदान न करता पेटी उतरवणाऱ्याचे दोन-तीन दिवस अशा वेळी वाया जातात.

जागा, साधने आणि सुरक्षितता

ही पेटी कोरड्या अवस्थेत सुमारे ६५ ते ७० किलो भरते आणि तेलाने भरलेल्या कन्व्हर्टरसह ती आणखी कितीतरी जड होते. शिवाय हे वजन छातीच्या वर, वाहनाच्या पोटाखाली, आडवे पडून हाताळायचे असते. त्यामुळे जागा सपाट आणि काँक्रीटची असणे ही पहिली अट होय. मातीवर किंवा उन्हात मऊ पडणाऱ्या डांबरावर स्टँड रुततात. वाहन जॅकने उचलावे, परंतु ते जॅकवर ठेवून कोणीही त्याखाली जाऊ नये, कारण हायड्रॉलिक जॅकचे सील केव्हाही गळू शकते आणि तो न सांगता बसतो. वाहनाचे वजन त्याच्या मुख्य चौकटीखाली लावलेल्या, पुरेशा क्षमतेच्या चार जॅक-स्टँडवर घ्यावे आणि खाली शिरण्यापूर्वी वाहनाला जोराने हलवून पाहावे. मागची चाके जमिनीवर ठेवून पुढचाच भाग उचलला असेल, तर त्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. पेटीची शक्ती मागच्या चाकांकडे नेणारा प्रोपेलर शाफ्ट काढल्यावर पार्किंगचा खटका वाहन धरून ठेवू शकत नाही, हे विसरता कामा नये.

साधनांत नेहमीचे पाने आणि सॉकेट यांच्याबरोबर तीन गोष्टी अनिवार्य आहेत. पहिली म्हणजे गिअरबॉक्स जॅक, ज्याचा माथा पेटीच्या तळाला बसणारा, पुढे-मागे कलणारा आणि साखळीने पेटी बांधता येणारा असतो. अमेरिकेत तो भाड्यानेही मिळतो. दुसरी म्हणजे एकत्र जोडल्यावर सुमारे दोन-तीन फूट लांब होणाऱ्या एक्स्टेन्शन दांड्या आणि टोकाला वळणारा सॉकेट, कारण वरच्या बोल्टांपर्यंत हात पोचतच नाही. तिसरी म्हणजे टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या पिळाइतकेच आवळणारा पाना. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण पडून काम करताना गंजाची खपली आणि चिखल थेट डोळ्यांत पडतो. आणि मदतीला आणखी एक माणूस असावा. पेटी खाली घेण्याच्या आणि वर चढवण्याच्या दोन्ही वेळी एकट्याने हे काम करू नये.

उतरवण्याचा क्रम

सुरुवात बॅटरीची ऋण तार काढण्यापासून होते, कारण पुढे स्टार्टर उतरवायचा असतो आणि त्याच्या जाड तारेत बॅटरीची संपूर्ण शक्ती असते. मग चेंबर खाली सोडून तेल काढले जाते. अशा वेळी सुमारे पाच लिटर तेल येते, तर बाकीचे तेल कन्व्हर्टर आणि शीतनळ्यांमध्ये राहते. तेल काढल्यावर चेंबर परत लावावे, म्हणजे पेटी जॅकवर घेताना आतल्या भागांना धक्का लागत नाही.

त्यानंतर प्रोपेलर शाफ्ट येतो. मागच्या एक्सलकडील क्रॉस जॉइंटचे पट्टे सोडण्याआधी शाफ्टवर आणि एक्सलच्या तोंडावर खडूने किंवा रंगाने एकाच रेषेत खूण करावी, म्हणजे परत बसवताना शाफ्ट त्याच स्थितीत येतो आणि वेगात कंप निर्माण होत नाही. पट्टे सुटल्यावर क्रॉसच्या वाट्या चिकटपट्टीने बांधून ठेवाव्यात, अन्यथा त्या गळून त्यांतल्या सुया हरवतात. शाफ्ट मागे ओढला की पेटीच्या मागच्या तोंडातून उरलेले तेल वाहते, तेव्हा तिथे प्लॅस्टिकची पिशवी आवळून बांधणे उपयोगी पडते. वाहन चारही चाकांना शक्ती देणारे असेल, तर पेटीच्या मागे ट्रान्सफर केस नावाची आणखी एक जड पेटी असते. ती स्वतंत्रपणे आधी उतरवावी, दोन्ही एकत्र खाली घेण्याचा मोह टाळावा.

यानंतर पेटीला बाहेरून जोडलेली प्रत्येक गोष्ट सोडायची असते. सायलेन्सरचा वाय आकाराचा नळ बहुधा आडवा येतो आणि त्याचे नट गंजलेले असतात, म्हणून त्यांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल टाकून ठेवावे; थंड, कोरडे नट जोराने पिळल्यास स्टड तुटतो आणि अर्धा दिवस त्यातच जातो. गिअर लिव्हरची केबल, वेग मोजणाऱ्या संवेदकाची तार, लिव्हर कोणत्या स्थितीत आहे हे सांगणारा स्विच आणि पेटीच्या बाजूला असलेले मोठे गोल जोडणी-खोके हे सर्व एकेक करून सोडावे, त्यावर चिकटपट्टीची चिठ्ठी लावावी आणि सोडण्यापूर्वी प्रत्येकाचे छायाचित्र घ्यावे. गोल खोक्याच्या कडेचे दोन्ही खटके दाबून ते सरळ ओढायचे असते. तारेला धरून ओढले तर आतल्या बारीक पिना वाकतात आणि नवी पेटीही बिघडल्यासारखी वागू लागते. तेल थंड करण्यासाठी रेडिएटरकडे जाणाऱ्या दोन नळ्या खटकेदार क्लिपांनी धरलेल्या असतात. त्या सोडून त्यांची तोंडे बंद करावीत, कारण तिथून शिरलेला मातीचा कण थेट व्हॉल्व्ह बॉडीत जातो.

आता कन्व्हर्टर फ्लेक्सप्लेटपासून वेगळा करायचा असतो. स्टार्टर उतरवला किंवा खालचे छोटे झाकण काढले की फ्लेक्सप्लेटची कड दिसते. इंजिनाच्या पुढच्या पुलीच्या मध्यबोल्टवर लांब पाना लावून, नेहमीच्या फिरण्याच्या दिशेनेच, क्रँक शाफ्ट सावकाश फिरवावा, म्हणजे कन्व्हर्टरचे बोल्ट एकामागून एक समोर येतात. या पेटीत ते तीन असतात. शेवटचा बोल्ट काढण्यापूर्वी कन्व्हर्टरवर आणि फ्लेक्सप्लेटवर एक खूण करावी, आणि सर्व बोल्ट निघाल्यावर कन्व्हर्टर पेटीकडे थोडा ढकलून तो मोकळा झाल्याची खात्री करावी. उतरवताना कन्व्हर्टर पेटीबरोबर बाहेर आला पाहिजे. तो इंजिनाला चिकटून राहिला, तर पेटी मागे सरकताना वाकडी होते आणि कन्व्हर्टर अचानक सुटून पायावर पडू शकतो.

मग पेटीखाली जॅक घेऊन पेटी साखळीने बांधावी, तिचा किंचित भार जॅकवर घ्यावा आणि मागचा आडवा आधार, म्हणजे क्रॉसमेंबर, काढावा. याच वेळी इंजिनाच्या मागच्या बाजूलाही वेगळा आधार द्यावा लागतो, कारण पेटी निघाल्यावर इंजिन दोन पुढच्या फाउंडेशनवरच झुलत राहते. जॅक हळूहळू खाली घेतला की पेटीची शेपटी झुकते आणि पेटीच्या वरून, मागच्या बाजूने लांब दांडी घालून बेल हाउसिंगचे, म्हणजे कन्व्हर्टरला वेढणाऱ्या घंटेसारख्या भागाचे, वरचे बोल्ट सोडता येतात. मात्र शेपटी किती झुकवावी याला मर्यादा आहे. इंजिन जास्त कलले तर पुढचा पंखा त्याच्या आवरणावर घासतो, आणि मागच्या बाजूला डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या इंजिनांत तो पाठच्या भिंतीवर आदळून फुटतो. वरच्या बोल्टांपैकी एकावर तेलपट्टीच्या नळीची पकड असते, तीही सोडावी. सगळे बोल्ट निघाल्यावर पेटी एकदम सुटत नाही, कारण इंजिनाच्या मागच्या तोंडावरील दोन डॉवेल पिना, म्हणजे जागा निश्चित करणाऱ्या पोलादी खुंट्या, तिला धरून ठेवतात. फटीत पसरट पट्टी हळूच फिरवून पेटी समांतर मागे सरकवावी आणि पुढची बाजू किंचित वर ठेवून खाली घ्यावी, जेणेकरून कन्व्हर्टर पुढे घसरणार नाही.

पेटी बाहेर असताना

पेटी बाहेर आल्यावर एरवी हाताला न येणाऱ्या काही गोष्टी उघड्या पडतात, आणि ही संधी सोडणे महाग पडते. फ्लेक्सप्लेटवर बोल्टांच्या भोकांभोवती केसाएवढ्या बारीक चिरा आहेत का हे उजेड तिरपा धरून पाहावे. अशी चीर असलेली प्लेट चालू इंजिनात टकटक करते आणि तो आवाज कित्येकदा इंजिनाच्या बेअरिंगचा समजला जातो. इंजिनाचे मागचे मुख्य ऑइल सील तेलाने ओले असेल, तर ते याच वेळी बदलावे, कारण नंतर त्यासाठी हेच सगळे काम पुन्हा करावे लागते. दोन्ही डॉवेल पिना जागेवर आहेत, वाकलेल्या नाहीत आणि स्वच्छ आहेत याची खात्री करावी. यांपैकी एक जरी नसली तरी पेटी इंजिनाच्या अक्षापासून किंचित सरकते आणि पंपाचे बुश व सील थोड्याच दिवसांत झिजतात.

जुनी पेटी क्लच जळून बिघडली असेल, तर तिच्यातला चुरा शीतनळ्यांत आणि रेडिएटरमधल्या तेल थंड करणाऱ्या भागात अडकलेला असतो. त्यासाठी बनवलेल्या द्रावकाने आणि हवेच्या दाबाने हा मार्ग दोन्ही दिशांनी धुतल्याशिवाय नवी पेटी जोडू नये. जुना कन्व्हर्टरही परत वापरू नये. त्याच्या बंद कवचात बसलेला चुरा धुऊन निघत नाही. पुनर्बांधणी केलेली पेटी विकत घेताना जुनी पेटी परत देण्याच्या बोलीवर अनामत रक्कम घेतली जाते, म्हणून जुनी पेटी पूर्ण, चेंबर आणि बोल्टांसह राखून ठेवावी. काढलेले तेल जमिनीत किंवा गटारात न सोडता बंद डब्यात भरून संकलन केंद्रावर द्यावे. अमेरिकेतील बरीच सुट्या भागांची दुकाने ते विनामूल्य स्वीकारतात.

बसवणे आणि ते एक माप

टॉर्क कन्व्हर्टर पेटीत बसताना त्याला तीन वेगवेगळ्या जोड्यांत शिरावे लागते. त्याच्या आतल्या टर्बाइनचे दाते पेटीच्या इनपुट शाफ्टवर बसतात, स्टेटरचे दाते पंपातून पुढे आलेल्या स्थिर नळीवर बसतात आणि सर्वांत शेवटी हबच्या कडेवरील खाचा पंपाच्या रोटरच्या ओठांत अडकतात. आधी कन्व्हर्टरमध्ये सुमारे लिटरभर नवे तेल ओतावे, हबला आणि नव्या सीलला तेलाचा हात फिरवावा, मग पेटीचे तोंड किंचित वर करून कन्व्हर्टर सरळ रेषेत आत ढकलत सावकाश फिरवावा. एकेक जोडी जुळताना कन्व्हर्टर थोडा थोडा आत घसरतो आणि हाताला तो धक्का स्पष्ट जाणवतो. पहिल्या दोन धक्क्यांनंतर तो पूर्ण बसल्यासारखा वाटतो आणि सहज फिरतोही, पण तिसरी जोडी जुळलेली नसते. म्हणून हाताच्या अंदाजावर विसंबून न राहता बेल हाउसिंगच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवून, पट्टीपासून कन्व्हर्टरच्या बोल्ट-गादीपर्यंतची खोली मोजावी आणि ती पेटीच्या पुस्तिकेतील मापाशी ताडून पाहावी. हे माप प्रत्येक गादीवर वेगवेगळे घ्यावे.

पेटी जॅकवर वर घेऊन इंजिनाच्या तोंडाशी नेताना दोन्ही तोंडे समांतर आणावीत आणि डॉवेल पिना हाताच्या ढकलण्याने शिरू द्याव्यात. बेल हाउसिंग इंजिनाच्या तोंडाला पूर्ण टेकल्यावरच बोल्ट आवळावेत. मध्ये फट राहत असेल आणि ती बोल्ट आवळून बंद करण्याचा प्रयत्न केला, तर कन्व्हर्टरचा हब न जुळलेल्या पंपावर दाबला जातो आणि पंपाचा रोटर तडकतो. वर तोच दाब उलट दिशेने क्रँक शाफ्टवर येऊन इंजिनाचे थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे शाफ्टचे पुढे-मागे सरकणे रोखणारे बेअरिंग, चिरडते. असे वाहन सुरू झाल्यावर काही सेकंदांत नवी पेटी आणि कधीकधी इंजिनही निकामी होते.

बेल हाउसिंगचे बोल्ट आवळून झाल्यावर खरी परीक्षा येते. या वेळी कन्व्हर्टर फ्लेक्सप्लेटला टेकलेला नसला पाहिजे. तो हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि त्याच्या गाद्या व फ्लेक्सप्लेट यांच्यात सुमारे ३ ते ५ मिलीमीटरची फट दिसली पाहिजे. तेवढी फट असेल, तरच हब पंपात पूर्ण शिरलेला आहे आणि कन्व्हर्टर बोल्टांनी पुढे ओढल्यावरही तो पंपात पुरेसा आत राहील. फट नसेल तर कन्व्हर्टर आत बसलेला नाही, आणि फट फारच मोठी असेल तर तो पुढे ओढल्यावर पंपाला जेमतेमच पकडेल. दोन्ही स्थितींत बहुधा पेटी परत खाली घेणे हाच मार्ग उरतो, आणि दमलेल्या माणसाला तो पत्करणे कितीही जिवावर आले तरी पत्करावा.

फट बरोबर असल्याची खात्री झाल्यावर कन्व्हर्टर पुढे ओढून खुणा जुळवाव्यात, तिन्ही बोल्ट आधी हाताने लावावेत आणि मगच टॉर्क रेंचने आवळावेत. या प्रकारच्या पिकअपमध्ये बेल हाउसिंगच्या बोल्टांसाठी सुमारे ५० न्यूटन-मीटर आणि कन्व्हर्टरच्या बोल्टांसाठी सुमारे ६० न्यूटन-मीटर पीळ दिला जातो, परंतु प्रत्येक वर्षाच्या आणि इंजिनाच्या पुस्तिकेतील आकडा अंतिम मानावा. कन्व्हर्टरसाठी मूळचेच बोल्ट वापरावेत. थोडा जास्त लांब बोल्ट कन्व्हर्टरचे कवच आतून फुगवतो आणि लॉक-अप क्लच बिघडवतो. बाकीची जोडणी उतरवण्याच्या उलट क्रमाने होते, आणि छायाचित्रे व चिठ्ठ्यांचा उपयोग इथे कळतो.

तेल भरणे आणि पहिली चाचणी

इंजिन सुरू करण्यापूर्वी चार-पाच लिटर तेल भरावे, कारण कोरडा पंप अगदी थोडा वेळही चालू देऊ नये. जनरल मोटर्सच्या जुन्या पेट्यांना डेक्सरॉन-३ हे तेल दिले जात असे आणि २००६ पासून त्याची जागा डेक्सरॉन-६ ने घेतली. इंजिन सुरू होताच कन्व्हर्टर आणि नळ्या तेल ओढून घेतात, तेव्हा लगेच आणखी तेल घालावे. मग ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक स्थितीत काही सेकंद थांबवत फिरवावा आणि पेटी गरम झाल्यावर, इंजिन चालू आणि लिव्हर पार्किंगमध्ये असताना, तेलपट्टीवर पातळी पाहावी. पातळीपेक्षा जास्त भरलेले तेल फिरत्या भागांत घुसळून फेसाळते आणि फेसाला दाब धरता येत नाही, म्हणून जास्त तेल हे कमी तेलाइतकेच घातक असते. संगणकाने जुन्या, झिजलेल्या पेटीसाठी शिकलेले दाबाचे आकडे स्कॅन टूलने पुसावेत आणि सुरुवातीचे काही दिवस वाहन भार न ओढता, सौम्यपणे चालवावे. पहिल्या फेरीनंतर खाली वाकून शीतनळ्यांचे जोड, चेंबरची कड आणि बेल हाउसिंगचा तळ ओला आहे का, हे पाहिल्याशिवाय काम संपले असे समजू नये.

महाराष्ट्रात महामार्गावरच्या मालट्रकांचे गिअरबॉक्स वर्षानुवर्षे रस्त्याकडेच्या गॅरेजांत उतरवले आणि बसवले जात आहेत. त्यातले बहुतेक हाताने गिअर टाकण्याचे असल्याने त्यांत टॉर्क कन्व्हर्टरचा प्रश्न येत नाही. परंतु चाकणमध्ये बनणाऱ्या महिंद्रा स्कॉर्पिओ-एन सारख्या वाहनांबरोबर टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या पेट्या आता इथल्या रस्त्यांवरही मोठ्या संख्येने आल्या आहेत, आणि त्या जुन्या होतील तेव्हा हे ज्ञान इथल्या कारागिरांनाही लागणार आहे. त्या वेळी पेटीचे नाव, आकार आणि बोल्टांची संख्या वेगळी असेल, तरी कन्व्हर्टरचा हब पंपात शिरण्याचा नियम तोच राहील.

सपाट जागा, चार भक्कम स्टँड, पेटीचा जॅक, जोडीला एक माणूस आणि पुस्तिका यांपैकी एखादीही गोष्ट हाताशी नसेल, तर हे काम घरी न करता जाणत्या कार्यशाळेकडे द्यावे. त्यात कमीपणा नाही आणि तोटाही नाही. ज्यांच्याकडे हे सर्व आहे त्यांनी घाई न करता ते हाती घ्यावे. मात्र कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट यांच्यामधली फट डोळ्यांनी पाहून, पट्टीने मोजल्याशिवाय कोणीही कन्व्हर्टरचे बोल्ट आवळू नयेत आणि स्टार्टर फिरवू नये.